डॅट कॅसेटची प्रत लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमधून नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या ध्वनिमुद्रणांच्या डिजिटायझेशनबद्दल वर्तमानपत्रांतून हल्ली बरेच छापून येते. त्यात स्पूल असतात, ऑडिओ कॅसेट असतात, ७८च्या तबकड्या असतात. डॅटचे नाव क्वचित येते, आणि आले तरी ‘जुन्या कॅसेट’ या एकाच गठ्ठ्यात तिची बोळवण होते. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. सोनीने विकसित केलेली ही ७३ बाय ५४ मिलिमीटरची कॅसेट १९८७ साली बाजारात आली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतले मास्टर (अंतिम मूळ मुद्रणे) तिच्यावर उतरले, मैफली उतरल्या, गावोगाव फिरणाऱ्या अभ्यासकांनी ओव्या आणि भारुडे तिच्यावर टिपली. सोनीने २००५ साली डॅट यंत्रे बनवणे थांबवले. म्हणजे आज चालू स्थितीत सापडणारे कोणतेही यंत्र वीस वर्षांच्या पुढचेच.

या कॅसेटवर आवाज आधीच आकड्यांच्या रूपात आहे. ४८ किलोहर्ट्झवर केलेल्या मुद्रणात दर सेकंदाला दोन्ही चॅनेलचे प्रत्येकी ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. हे आकडे जसेच्या तसे संगणकात उचलायचे, एवढेच काम. प्रत्यक्षात मात्र कुणाकडून तरी डेक (डॅट वाजवायचे यंत्र) मागून आणतात, त्याच्या हेडफोनच्या सॉकेटमधून वायर काढतात आणि ती लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमध्ये खोचतात. तो माइक इनपुट बहुधा मोनो असतो, त्याचे गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) बोलण्याच्या आवाजाला बेतलेले असते, आणि आकड्यांचा आवाज करून त्या आवाजाचे पुन्हा आकडे करण्याचा हा द्राविडी प्राणायाम होतो. एवढे करून वर ‘डिजिटाइझ केले’ म्हणून मूळ कॅसेट टाकूनही देतात. हे थांबावे, म्हणून हे सविस्तर पत्र.

आकडे जसेच्या तसे उचलायचे दोन मार्ग आहेत, आणि दोन्हींत जुना संगणक नव्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पहिला मार्ग संगणकाच्या टेप ड्राइव्हचा. १९८९ साली सोनी आणि एचपी यांनी हीच कॅसेट संगणकाच्या बॅकअपसाठी वापरायला घेतली, ती डीडीएस. बँका आणि कचेऱ्यांच्या सर्व्हरमध्ये हे ड्राइव्ह वर्षानुवर्षे चालले. टेप वाचणारे हेड ज्यावर बसवलेले असतात तो फिरता ड्रम तोच, ४ मिलिमीटरची टेप तीच. तरीही साध्या डीडीएस ड्राइव्हमध्ये गाण्याची कॅसेट घातली, तर तो ती वाचत नाही, कारण टेपवरची मांडणी वेगळी असते आणि ती ओळखणारे फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम) ड्राइव्हमध्ये नसते. सिलिकॉन ग्राफिक्स, म्हणजे एसजीआय, या कंपनीने आपल्या वर्कस्टेशनसाठी असे फर्मवेअर असलेले ड्राइव्ह दिले होते. शोधायचे ते आर्काइव्ह पायथन ४३२०एनटी, त्याच घराण्यातला सीटीडी-८०००, आणि सोनीचा एसडीटी-९०००. मात्र मॉडेल जुळले म्हणजे काम झाले असे नाही. त्यात ऑडिओचे फर्मवेअर आहे का, हे विकत घेण्याआधी विचारा. एचपीच्या यंत्रणेचे ड्राइव्ह सहसा या कामाचे नसतात. साध्या ड्राइव्हमध्ये नवे फर्मवेअर भरण्याचा खटाटोप काही जण करतात. तो अर्धवट राहिला तर ड्राइव्ह कायमचा जातो, त्यामुळे हाताशी एकच ड्राइव्ह असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

ड्राइव्ह मिळाला की एसजीआयचेच यंत्र जोडीला असणे सर्वांत सोयीचे. १९९३ची इंडी पुरते. तिची आयरिक्स ही प्रणाली ऑडिओ डॅट ओळखते आणि तिच्यात डॅटमॅन नावाचा प्रोग्रॅम येतो. इंडी मिळवली तर आधी तिच्या बोर्डावरची डॅलस कंपनीची चिप पाहा. घड्याळ आणि नेटवर्कचा पत्ता त्या चिपमध्ये असतो आणि तिची बॅटरी चिपच्या आतच असते. ती संपली की यंत्र आपला इथरनेट पत्ता विसरते. मग उतरवलेली फाइल बाहेर काढायची कशी, हा प्रश्न ऐनवेळी उभा राहतो. चिप बदला, पत्ता पुन्हा भरा, नेटवर्क चालते याची खात्री करा आणि मगच टेपला हात लावा.

जोडणीत नेहमी चुकते ते स्कझीच्या क्रमांकाचे. स्कझी म्हणजे डिस्क, टेप ड्राइव्ह वगैरे एका साखळीत संगणकाला जोडायची जुनी रीत; साखळीतल्या प्रत्येकाला वेगळा क्रमांक लागतो. पीसीवर कंट्रोलर स्वतःसाठी ७ हा क्रमांक ठेवतो. एसजीआयवर तो ० ठेवतो आणि सिस्टिमची डिस्क १ वर असते. म्हणून ड्राइव्हच्या मागचे जंपर (क्रमांक ठरवणारी छोटी टोपणे) ० किंवा १ वर असता कामा नयेत. सीडी ड्राइव्ह जोडलेला असेल तर त्याचाही क्रमांक टाळा. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (टोक बंद करणारा जोड) हवा, मधल्या उपकरणावर नको. मधल्या ड्राइव्हचे टर्मिनेशन चालू राहिले, तर यंत्र सुरू होते, ड्राइव्ह दिसतोही, पण वाचताना मध्येच साखळीवरची देवाणघेवाण अडकते आणि दोष टेपवर ढकलला जातो. आयरिक्समध्ये एचआयएनव्ही ही आज्ञा दिली की जोडलेल्या वस्तूंची यादी येते. त्यात टेप ड्राइव्हच्या ओळीत डॅट असे दिसले की पुढे जावे.

डिस्कचा हिशेब आधी करा. ४८ किलोहर्ट्झवरच्या एका तासाला ६९१ मेगाबाइट लागतात, दोन तासांच्या कॅसेटला सुमारे १.३८ गिगाबाइट. इंडीची मूळची डिस्क इतकी मोठी सहसा नसते, आणि तीस वर्षांच्या डिस्कवर असा ठेवा उतरवणेही बरे नव्हे. एसडी कार्डाला स्कझी डिस्कचे रूप देणारे छोटे बोर्ड मिळतात, ते लावावे आणि एक्सएफएस फाइल प्रणाली वापरावी. काम झाले की एफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची रीत) फाइल बाहेर काढा. इंडीचे नेटवर्क १० मेगाबिटचे, त्यामुळे तासाभराच्या फाइलला दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढी कळ काढावी.

आता टेपवरून नेमके काय येते ते पाहू, कारण पुढच्या साऱ्या अडचणी त्यातून कळतात. डॅटचा ड्रम मिनिटाला २००० फेरे घेतो, म्हणजे एक फेरा ३० मिलिसेकंदांचा. एका फेऱ्यात टेपवरचे दोन तिरपे ट्रॅक वाचले जातात आणि त्यांची मिळून एक फ्रेम होते. ड्राइव्ह संगणकाला प्रत्येक फ्रेम ५,८२२ बाइटांच्या ठोकळ्यात देतो. त्यातले ५,७६० बाइट आवाजाचे, उरलेले ६२ बाइट माहितीचे : सुरुवातीपासूनचा वेळ, कितवे गाणे, नमुन्यांचा दर काय. ४८ किलोहर्ट्झला ते ५,७६० बाइट पूर्ण भरतात. ४४.१ला त्यातले ५,२९२च कामाचे, ३२ला ३,८४०. बाकी जागा रिकामी. डॅटमॅन हे सगळे आपले आपण पाहतो. पण इंडीऐवजी जुन्या पेंटियम पीसीत अ‍ॅडाप्टेक एएचए-२९४० कार्ड टाकून लिनक्सवर काम करायचे असेल, तर ठोकळ्याची (ब्लॉकची) लांबी बदलती ठेवा आणि ड्राइव्हला डेन्सिटी कोड (टेपची रीत सांगणारा क्रमांक) हेक्समधले ८०, म्हणजे दशमानात १२८ द्या. त्याशिवाय तो ऑडिओच्या रीतीत जात नाही. रिकामी जागाही आवाज समजून फाइलमध्ये घेतली गेली, तर दर ३० मिलिसेकंदांनी गाणे तुटते आणि सलग फुरफुर ऐकू येते. गाण्याऐवजी पूर्ण जोराची खरखर आली तर बाइटांचा क्रम उलटा लागला आहे. दोन्ही वेळा टेप ठणठणीत असते, उगाच घाबरू नये.

ड्राइव्ह वाचत असताना संगणकाला दुसरे काम देऊ नका. संगणक मागे पडला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा पकडतो. यात टेप झिजते आणि सांध्यावर एखादी फ्रेम दुबार येण्याची किंवा गळण्याची भीती असते. फ्रेममधल्या वेळेचे आकडे ओळीने तपासले की असा सांधा सापडतो.

दुसरा मार्ग डेकचा. टास्कॅम डीए-३० किंवा पॅनासोनिक एसव्ही-३७०० यांसारख्या डेकला डिजिटल आउटपुट असते. आरसीएचे (गोल, एका पिनेचे) सॉकेट असेल तर ते एस/पीडीआयएफ, त्याला ७५ ओहमची केबल घ्यावी. व्हिडिओची पिवळ्या टोकाची चांगली वायर चालते. एक्सएलआरचे (तीन पिनांचे) सॉकेट असेल तर ते एईएस/ईबीयू, ही व्यावसायिक जोडणी. त्याचा विद्युतदाब कितीतरी जास्त आणि केबल ११० ओहमची, त्यामुळे नुसती टोके बदलून ते आरसीएमध्ये घुसवू नये, मध्ये जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर हवा. वॉकमनच्या आकाराच्या डॅट यंत्रांना त्यांची खास जोडकेबल लागते. यंत्र विकत घेताना ती मागून घ्या, मागाहून ती मिळणे कर्मकठीण.

संगणकाच्या बाजूला एम-ऑडिओ ऑडिओफाइल २४९६ हे पीसीआय कार्ड आणि विंडोज एक्सपीचा जुना पीसी, ही जोडी अजून हाताला लागते. मॅकवाल्यांसाठी पॉवर मॅक जी५ च्या पाठीवर ऑप्टिकल इनपुट आहेच. कार्डाच्या सेटिंगमध्ये घड्याळ ‘बाहेरचे, एस/पीडीआयएफवरून’ असे निवडणे अत्यावश्यक. ते राहिले तर डेक आणि कार्ड दोघे आपापल्या तालात चालतात आणि थोड्या थोड्या वेळाने टिक् असा आवाज येतो. साउंड ब्लास्टर लाइव्ह हे कार्ड घरोघरी होते, पण या कामाला ते घेऊ नका. ते आत येणारे सारे काही ४८ किलोहर्ट्झवर आणून बसवते, म्हणजे ४४.१ची टेप जशीच्या तशी उतरतच नाही.

नमुन्यांच्या दराची गफलत संगीताच्या मुद्रणात फार महागात पडते. मैफलीची मुद्रणे बहुतेक ४८वर असतात, सीडीसाठी केलेले मास्टर ४४.१वर, आणि एकाच कॅसेटवर दोन्ही असणे मुळीच दुर्मीळ नाही. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम ४८वर लावून ठेवला आणि टेप ४४.१ची निघाली, तर फाइल वाजते, ऐकायला स्वच्छही वाटते, पण सूर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतो. काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी गाते आहे असे वाटले, तर गळ्याबद्दल लेख लिहायला बसण्याआधी दर तपासा. तासाभराचे गाणे ५५ मिनिटांत संपले, हीसुद्धा तीच खूण. उपाय सोपा आहे : फाइलच्या शीर्षातला दर दुरुस्त करायचा, आवाजाला हात लावायचा नाही. टेप मध्येच दर बदलत असेल तर तिथे फाइल तोडून नवी सुरू करा.

याशिवाय लाँग प्ले नावाची एक रीत होती, ३२ किलोहर्ट्झ आणि १२ बिटांची. तीत दोन तासांच्या कॅसेटवर चार तास मावायचे, म्हणून रात्रभराच्या बैठकींना ती सोयीची. सगळे डेक ही रीत वाजवत नाहीत. ड्राइव्हवरून उचलली तर १२ बिटांचे १६ करताना ठरलेले कोष्टक वापरावे लागते, नाहीतर आवाज फाटतो. अशा कॅसेट वेगळ्या काढून ठेवा.

आणखी एक बाब सहज निसटते, ती एम्फसिसची. काही मुद्रणांत वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम सुमारे १० डेसिबलपर्यंत चढवून टेपवर लिहिलेले असतात आणि तशी खूण सोबतच्या माहितीत असते. डेक ही खूण पाहून वाजवताना ते उतरवतो. फाइलमध्ये आकडे येतात, खूण येत नाही, आणि तानपुऱ्याची जवारी कानाला टोचू लागते. मूळ फाइल तशीच ठेवावी, ‘एम्फसिस आहे’ असे तिच्या नोंदीत लिहावे आणि ऐकण्याच्या प्रतीवर ५०/१५ मायक्रोसेकंदांचे डी-एम्फसिस लावावे. ट्रेबल अंदाजाने कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता हेड आणि टेप यांच्या दुखण्यांकडे. डॅटवर चुका दुरुस्त करणारे दोन थर असतात, त्यामुळे थोडी धूळ किंवा ओरखडा असला तरी आकडे शंभर टक्के बरोबर निघतात. ड्रमवर दोन हेड असतात. सम आणि विषम नमुने दोन ट्रॅकमध्ये अशा रीतीने वाटलेले असतात की एक हेड बुजले तरी दुसऱ्याच्या नमुन्यांवरून मधले नमुने अंदाजाने भरता येतात. डेक हे गुपचूप करतो. आवाज थोडा घोगरा, धुरकट होतो, पण वाजत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते मुद्रणच तसे असेल. काही व्यावसायिक डेकवर चुकांचा आकडा पाहायची सोय असते. ती असेल तर कॅसेट सुरू होताच तिकडे नजर ठेवा. ड्राइव्ह असे अंदाज भरत नाही, तिथे सरळ भोक पडते. म्हणून ड्राइव्हवर अडलेली कॅसेट डेकवर लावून पाहावी. उलटेही करावे. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याची टेप वाहण्याची वाट किंचित वाकडी असेल, तर ती कॅसेट त्याच यंत्रावर नीट वाजते. असे मूळ यंत्र घरात असेल तर कॅसेटचा निकाल लागेपर्यंत ते विकू नका.

हेड साफ करायची कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते. ती पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, कारण ती हेडच घासते. हाताने करायचे असेल तर यंत्राचा प्लग काढा, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल शॅम्वा चामड्याच्या काडीला लावून ती ड्रमला हलकेच टेकवून धरा, आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवा. काडी वरखाली कधीही हलवायची नाही, हेडचे टोक त्याने तुटते. कापसाचा बोळा तर नकोच, त्याचा धागा हेडला अडकतो. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत निदान अर्धा तास थांबा. पिंच रोलर (टेप पुढे ओढणारी रबरी चाकी) कडक होऊन चकाकू लागला असेल तर टेप तिथेच गुंडाळली जाते, म्हणून प्रत्येक यंत्रावर आधी रिकामी किंवा निरुपयोगी कॅसेट चालवून पाहावी.

आपल्याकडे, त्यातही कोकण-गोव्यात, खरा शत्रू पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, ती हेडला आणि मागून येणाऱ्या दहा कॅसेटना लागते. ती वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसह कोरडी करून जाणकाराकडे द्यावी. ओव्हनमध्ये टेप भाजण्याचा सल्ला काही जण देतात. तो विशिष्ट जुन्या अ‍ॅनालॉग टेपसाठी आहे, डॅटची टेप धातूच्या कणांची आणि वेगळ्या घडणीची आहे, तिला ओव्हन दाखवू नका. बाहेरून आणलेली कॅसेट आणि यंत्र एक दिवस एकाच खोलीत राहू द्या, नाहीतर ड्रमवर दव धरते आणि टेप चिकटते. सुरू करण्यापूर्वी पाठीमागची पट्टी सरकवून भोक उघडे करा. भोक उघडे म्हणजे कॅसेट सुरक्षित, चुकून रेकॉर्ड दाबले तरी पुसली जाणार नाही.

क्रम लावायचा तर १८० मिनिटांच्या कॅसेट आधी घ्याव्यात. त्या बहुधा संगणकाच्या ९० मीटरच्या टेप असतात, जाडी अवघी ९ मायक्रॉन. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप १३ मायक्रॉनची. पातळ टेप ताणली जाते आणि दुसरी संधी देत नाही. त्यानंतर लाँग प्लेच्या, मग ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या.

प्रत खरी उतरली का, हे कानावर सोडू नये. तीच कॅसेट दुसऱ्यांदा उतरवा, दोन्ही फाइल नमुन्याला नमुना जुळवून एकीची लहर उलटी करा (अधिकचे उणे) आणि बेरीज घ्या. पूर्ण शांतता आली तर दोन्ही एकच. कुठे टिचकी राहिली तर तेवढाच भाग पुन्हा घ्या. मूळ फाइल १६ बिट, मूळ दर, डब्ल्यूएव्ही किंवा एआयएफएफ. आवाज वाढवणे, खरखर काढणे, एमपी३ हे सगळे नंतरच्या प्रतीवर. फाइलचा चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) काढून फाइल दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कॅसेटच्या कार्डावरचे हस्ताक्षरही स्कॅन करा : राग, तबल्याला कोण, तारीख हे बहुतेकदा तिथेच असते आणि टेपवर कुठेच नसते.

आपल्या वाचकांत कचेऱ्यांचे संगणक सांभाळणारे अनेक जण असतील. जुने सर्व्हर भंगारात काढताना त्यातला टेप ड्राइव्ह आधी पाहावा. लेबलवर आर्काइव्ह, कॉनर, सीगेट किंवा सोनी असे नाव आणि डीडीएसचे चिन्ह असेल, तर ड्राइव्ह, त्याची ५० पिनी केबल, टर्मिनेटर आणि अ‍ॅडाप्टेकचे कार्ड एकत्र बांधून जवळच्या संगीत संग्रहाला किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागाला विचारावे. ऑडिओचे फर्मवेअर नसले तरी हेड, रोलर आणि मोटर दुसऱ्या ड्राइव्हला उपयोगी पडतात.

आपले,
ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक,
पुणे